आसे, सोणी, आति: रोजचं लिहिणं संकेतात लिहून पाहण्याची रीत

1994 च्या पावसाळ्यात मी डायरी सांकेतिक अक्षरांत लिहायला लागले. एकत्र कुटुंब, दोन खोल्या, कुलूप लागेल असं एकही कपाट नाही. घरातल्याच कुणीतरी माझी वही उघडली आणि रात्री जेवताना त्यातलं एक वाक्य सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी कागदाच्या 34 चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर एक व्यंजन लिहिलं, चहाच्या रिकाम्या डब्यात घालून हलवल्या आणि एकेक काढत क च्या जागी काय, ख च्या जागी काय, असा तक्ता केला. काना, मात्रा, वेलांट्या होत्या तशाच ठेवल्या. त्या तक्त्यावर मी साडेतीन वर्षं लिहिलं.

पुढे घर बदललं. तक्ता हरवला, वह्या राहिल्या. 2011 मध्ये माळा साफ करताना त्या सापडल्या आणि मला माझंच लिहिलेलं वाचता येईना. रडू आलं. मग पेन्सिल घेऊन वही फोडायला बसले.

दर दोन-तीन वाक्यांच्या शेवटी 'आडे' येत होतं. मात्रा तशाच होत्या, म्हणजे 'आ' आणि पुढं मात्रा असलेलं एक अक्षर. 'आहे'शिवाय दुसरं काय असणार? ह म्हणजे ड. मग 'डोखे' दिसलं: 'होते'. त मिळाला. 'पाडी' म्हणजे 'नाही'. एकटंच उभं 'टी' म्हणजे 'मी'. आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'आव' होतं: 'आज'. त्याच्यापुढे तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा. अंदाज बांधला, लावून पाहिला, बरोबर निघाला: 'आज सकाळी लवकर उठले'. त्या एका वाक्यानं मला आठ अक्षरं दिली. ज, स, क, ळ, ल, व, र, ठ. दोन संध्याकाळी वही उघडली.

तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. जी वाक्यं आधी फुटली, तीच सगळ्यांत निर्जीव होती. 'आज सकाळी लवकर उठले' हे मी शेकडो वेळा लिहिलं होतं आणि त्यात माझं काहीच नव्हतं, कुणीही कुठल्याही दिवशी लिहावं असं ते वाक्य. याउलट एक ओळ शेवटपर्यंत हाती लागेना. ती निघाली: 'आत्या गेल्या. पितळी डब्याला अजून त्यांच्या तपकिरीचा वास.' त्या ओळीतलं पुढचं काहीच आधी ओळखता येत नव्हतं, म्हणून ती टिकली होती.

संकेत फोडणाऱ्यांना हे जुनं ठाऊक आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं लिहून ठेवलं की कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, लिपी आपोआप बोलायला लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश फोडताना ठरावीक वाक्यांचा फार उपयोग झाला. हवामानाचे संदेश साच्यातले असत, आणि काही घडलं नसेल तर 'विशेष घटना नाही' अशा अर्थाचे तेच शब्द पुन्हा पाठवले जात. यंत्र भक्कम होतं, पण माणसांची सवयीची वाक्यं दार उघडी ठेवत होती.

तेव्हापासून मी संकेत लपवण्यासाठी वापरत नाही, आपलं लिहिणं तपासण्यासाठी वापरते. ज्यांना रोज काहीतरी लिहायचं असतं, पण आपलं लिहिणं सपाट होतंय असं वाटतं, त्यांच्यासाठी ही रीत सांगते.

गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक अक्षर, जोडाक्षरही एकाच चौकटीत. दोन शब्दांत एक चौकट मोकळी. पेन चालेल, पेन्सिल नको, कारण खोडायला परवानगी नाही. आणि हे हातानंच करा. मोबाइलवर एका बटणात मजकूर बदलून मिळतो, पण मग या सगळ्याला अर्थ उरत नाही. प्रत्येक अक्षराला कष्ट पडले पाहिजेत, सगळी शिकवण त्या कष्टात आहे.

तक्ता माझा घ्या किंवा आपला करा. मी आता चिठ्ठ्यांचा डबा वापरत नाही. जोड्यांचा तक्ता वापरते, म्हणजे क चा च होतो आणि च चा क. लिहायला आणि वाचायला एकच तक्ता पुरतो, हरवला तरी डोक्यात राहतो.

क ख ग घ यांच्या जोड्या च छ ज झ यांच्याशी.
ङ ची ञ शी.
ट ठ ड ढ ण यांच्या जोड्या न ध द थ त यांच्याशी, म्हणजे त-वर्ग उलटा लावायचा.
प फ ब भ म यांच्या जोड्या य र ल व श यांच्याशी.
स ची ह शी, ष ची ळ शी.

स्वर आणि मात्रा तशाच. क्ष म्हणजे क् आणि ष, तो 'च्ळ' होतो. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ, तो 'ग्ङ' होतो.

त-वर्ग उलटा का, तेही सांगते. आधी मी तो सरळ लावला होता, ट ला त आणि ण ला न. पहिल्याच ओळीत 'आणि'चं झालं 'आनि'. असा 'आनि' आमच्याकडे भाजीवालीसुद्धा म्हणते! तक्ता केला की आधी 'आहे', 'आणि', 'मी', 'होता', 'नाही' हे पाच शब्द लावून पाहायचे, हे तेव्हा शिकले. उलट्या तक्त्यात 'आणि' चं 'आति' होतं, 'आहे' चं 'आसे', 'होती' चं 'सोणी'.

पहिला आठवडा वर साधी ओळ, खाली संकेताची ओळ असं लिहा. दुसऱ्या आठवड्यापासून वरची ओळ बंद. वाक्य डोक्यात धरायचं आणि थेट संकेतात उतरवायचं. खरा फरक इथे पडतो. बाविसाव्या अक्षरापर्यंत पोचताना वाक्याची सुरुवात डोक्यातून निसटायला लागते. लांब वाक्य धरून ठेवता येत नाही, आणि जे धरून ठेवण्यासारखं नाही ते तुम्ही आपोआप टाकून देता.

माझं एक उदाहरण दाखवते. मी कोरेगावहून साताऱ्याला एका पतसंस्थेत कॅशियरच्या कामाला जात असे. साध्या अक्षरांत मी असं लिहिलं असतं:

आज सकाळी मी बँकेत जात होते तेव्हा वाटेत खूप जोराचा पाऊस सुरू झाला होता आणि त्यामुळे मला बस स्टँडवर थांबावं लागलं.

एकवीस शब्द, 51 अक्षरं. (पतसंस्थेला आम्ही बँकच म्हणतो.) संकेतात लिहायला बसले तेव्हा पहिल्या आठवड्यात 50 अक्षरांना दहा मिनिटं लागायची. हात थकला की विचारतो, 'मी' कशाला, डायरी माझीच आहे. 'खूप जोराचा' कशाला, पाऊस हलका असता तर कोण थांबलं असतं? 'त्यामुळे' कशाला? मग वहीत उतरलं ते एवढंच:

हचाषी भानेण याऊह. ह्नँदभफ ढांलबे.

म्हणजे 'सकाळी वाटेत पाऊस. स्टँडवर थांबले.' सोळा अक्षरं. 35 अक्षरांची मजुरी वाचली आणि अजून चहा गरम होता. तेव्हा आठवलं, स्टँडवर काय पाहिलं होतं:

शेजारच्या म्हातारीनं छत्री उघडली नाही, नवी होती.

वीस अक्षरं. दोन्ही मिळून 36, तरी मूळच्या 51 पेक्षा कमी. ती म्हातारी साध्या अक्षरांतल्या वाक्यात कधीच आली नसती. पावसाचं कारण आणि परिणाम सांगण्यातच माझी ओळ संपली असती.

इथे एक धोका आहे. कष्ट वाचवण्याची चटक लागली की लिहिणं तारेसारखं होतं. पूर्वी तारेत शब्दाला पैसे पडायचे, म्हणून माणसं शब्द गाळायची, आणि 'आई आजारी ताबडतोब निघ' हे वाचून ऊर धडधडायचा. तार म्हणून ते ठीक, पण डायरी रोज तशी लिहिली तर ती कोरडी पडते. म्हणून दुसऱ्या महिन्यात उलटं करायचं: गाळलेल्यातला एक शब्द परत घ्यायचा आणि त्यानं काय काम केलं ते पाहायचं. वरच्या ओळीत मी आधी 'छत्री उघडली नाही. नवी' एवढंच लिहिलं होतं. वाचताना पाय हवेत राहतो. 'होती' आली आणि ओळ जमिनीवर टेकली. 'टभी सोणी.' त्या दोन अक्षरांचे कष्ट मी आनंदानं घेतले. 'आहे-होते'शी माझं भांडण नाही, ते फुकट आले की आहे.

मात्रा तशाच ठेवल्यानं संकेत कमकुवत होतो, हे खरं. पण मी त्या मुद्दाम ठेवते, कारण मग पान मोठ्यानं वाचता येतं. 'खण्फी उझदबी टासी, टभी सोणी.' अर्थ निघून जातो आणि फक्त ठेका उरतो. कुठे ओळ धावते, कुठे अडखळते, कुठे सलग चार वाक्यं एकाच लांबीची येऊन कंटाळा आणतात, हे कानाला कळतं. आपली वाक्यं आपल्याला अर्थामुळे ऐकू येत नाहीत. अर्थ बाजूला केला की ऐकू येतात.

यानंतर पान फोडायला कुणालातरी द्यायचं. मी भाचीला देते. तक्ता द्यायचा नाही, फक्त सांगायचं की मात्रा खऱ्या आहेत आणि व्यंजनं बदललेली आहेत. तिनं जिथून आत शिरकाव केला तिथे तिनं खूण करायची. पहिल्या वेळी तिनं अर्ध्या तासात माथ्यावरचे दोन शब्द सोडवले आणि म्हणाली, "मावशी, तू प्रत्येक पान 'आज'नंच का गं सुरू करतेस? तारीख वर आहेच की!" सोळा वर्षांची पोर. मी त्या दिवसापासून पान 'आज'नं सुरू केलेलं नाही. तिनं खूण केलेली जागा मी पुन्हा लिहिते, आणि पुढच्या वेळी तिला तिथून शिरता आलं नाही तर ते वाक्य माझं झालं असं समजते.

घरात फोडणारं कुणी नसेल तर च ची भाषा तरी बोला. ती आपल्या सगळ्यांच्या लहानपणातली आहे. शब्दाचं पहिलं व्यंजन काढून तिथे च बसवायचा, मात्रा तशीच, आणि काढलेलं व्यंजन शेवटी म्हणायचं. 'तू कुठे चाललीस?' चं 'चू त चुठे क चाललीस च?' आपण लिहिलेला परिच्छेद च च्या भाषेत म्हणून पाहा. 'पाऊस', 'छत्री', 'म्हातारी' सहज निघतात. 'व्यवस्थापकीय', 'प्रत्यक्षदर्शी' म्हणताना जीभ वळत नाही. ऑफिसच्या पत्रांतून डायरीत शिरलेले शब्द मी असेच शोधून काढले.

ज्यांना आणखी कडक पथ्य हवं त्यांनी अंकपल्लवी करून पाहावी. स्वरांचा वर्ग 1, क-वर्ग 2, च-वर्ग 3, ट 4, त 5, प 6, य र ल व 7, आणि श ष स ह ळ हा वर्ग 8. पहिला आकडा वर्गाचा, दुसरा वर्गातल्या अक्षराचा, तिसरा मात्रेचा: अ 1, आ 2, इ 3, ई 4, असं पुढं. 'राम' म्हणजे 722 651. 'मी' म्हणजे 654. सुटा स्वर किंवा अर्धं अक्षर असेल तर तिसरा आकडा शून्य, म्हणून 'आई' 120 140. औ ला आकडा पुरत नाही, मी 9 वर टिंब देते. याच वर्गांवर हाताच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवीही आपल्याकडे होती. अंकपल्लवीत एका अक्षराला तीन आकडे पडतात, म्हणून रोज नको. आठवड्याचं एकच वाक्य त्यात लिहायचं. आठवड्यातलं कुठलं वाक्य एवढ्या मोलाचं, हे ठरवण्यातच रविवारची दुपार जाते, आणि ती सत्कारणी लागते.

आकड्यांचा शब्द करायची उलटी रीतही आहे, कटपयादी. क ट प य म्हणजे 1, ख ठ फ र म्हणजे 2, ग ड ब ल 3, घ ढ भ व 4, ङ ण म श 5, च त ष 6, छ थ स 7, ज द ह 8, झ ध 9, ञ न शून्य. मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन धरायचं आणि आकडे उजवीकडून वाचायचे. भारतात गणिती आणि ज्योतिषी मोठाले आकडे श्लोकात बसवायला हे वापरत. कांदा 28 रुपये किलो असेल तर 8 आणि मग 2: 'दर', 'दूर', 'हार', 'जोर', यांतला कुठलाही शब्द चालेल. मी हिशेबाच्या कोपऱ्यात 'कांदा दूर' असं लिहिलं आणि त्या आठवड्यात घरात कांदा आलाच नव्हता. कधी कधी आकडाच शब्द सुचवतो, आणि तो शब्द आपण होऊन कधी घेतला नसता.

मराठीत संकेतलिपीचा सगळ्यांत मोठा वारसा महानुभावांचा आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रात गोळा केल्या. पुढे पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा संकेतलिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ लिपीतही व्यंजनांची अदलाबदल हीच मूळ युक्ती. परिणाम असा की मराठीतलं इतकं जुनं, इतकं बोलकं गद्य पंथाबाहेरच्या वाचकाला कित्येक शतकं दिसलंच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिप्या उलगडल्या तेव्हा ते समोर आलं. त्या गद्यातली छोटी वाक्यं लिपीमुळे आली असं मी म्हणणार नाही, गद्य आधीचं आहे आणि लिपी नंतरची. पण रात्र रात्र बसून एकेक अक्षर बदलत पोथी नकलणाऱ्या माणसाला त्यातलं प्रत्येक अक्षर किती जवळून दिसलं असेल, हे मला चौकटीच्या वहीवर बसल्यावर कळतं. (मोडी मात्र यात धरू नका. मोडी ही गुप्त लिपी नव्हती, ती रोजच्या पत्रव्यवहाराची धावती लिपी होती.)

दोन गोष्टी जपा. या संकेतात एटीएमचा पिन, पासवर्ड असलं काही लिहू नका. सोळा वर्षांची मुलगी अर्ध्या तासात आत शिरते, हे वर सांगितलंच. आणि तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर नको, दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि विश्वासातल्या एका माणसाला ती जागा सांगून ठेवा. माझ्यासारखी तेरा वर्षं वाट पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

महिनाभर लिहून झालं की शेवटचं काम. एक पान उघडा, पण उलगडू नका. लाल पेन घ्या आणि नुसत्या आकारावरून जे जे पुन्हा आलेलं दिसेल त्याला गोल करा. माझ्या पानावर 'आसे' नऊ गोल, 'श्सतगे' पाच. ते 'म्हणजे' होतं. त्याची सवय मला माहीत होती, काऊंटरवर दिवसभर लोकांना समजावून सांगताना ती लागली. पण 'छफं णफ' चार वेळा होतं आणि ते काय आहे ते मला पटकन लागेना.

'खरं तर'.

मी चारही जागा उलगडून पाहिल्या. 'खरं तर मला तसं काही वाटलं नाही.' 'खरं तर त्यांचंही बरोबर होतं.' 'खरं तर मला राग आला नव्हता.' चौथीही तशीच. ते दोन शब्द मी नेमके तिथेच लिहीत होते जिथे मला खरं लिहायचं नव्हतं. कुणी वाचू नये म्हणून संकेतात लिहिलेल्या वहीत, जिथे माझ्याशिवाय वाचणारं कुणीच नव्हतं.

त्या रात्री मी तिसरी ओळ पुन्हा लिहिली. आठ चौकटी लागल्या, दोन मोकळ्या धरून.

शबा फाज आबा.